गोदाकाठचे पदशोधन आणि मराठी बायबल

बीड जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीने आखून दिली आहे. गेवराई तालुक्यात नदीच्या अलीकडच्या काठावर पांचाळेश्वर नावाचे गाव आहे. महानुभाव पंथाचे लोक त्याला आत्मतीर्थ म्हणतात, श्रीदत्तात्रेय प्रभूंचे स्थान मानतात आणि दूरदूरहून तेथे नमस्काराला येतात. बायबलमधल्या शब्दांचा अर्थ मराठी माणसांनी कसा लावला, याचा मागोवा पांचाळेश्वरापासून घ्यावा असे सहसा कोणाला सुचत नाही. ही कथा मिशनऱ्यांच्या छापखान्यापासून सुरू करण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती अपुरी वाटते. ख्रिस्ती धर्मग्रंथ मराठीत उतरू लागला तेव्हा धर्मवचनातला एकेक शब्द पारखून घेण्याची विद्या या भाषेत तीनशे वर्षे मुरलेली होती, आणि तिची काही महत्त्वाची ठाणी याच गोदाकाठावर, याच बालाघाटाच्या डोंगरावर होती. ती आधी पाहिली, तर पुढे आलेल्या परदेशी आणि देशी भाषांतरकारांनी नवे काय केले आणि जुनेच काय पुन्हा केले, हे आपल्याला नीट ओळखता येईल.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामी गोदावरीच्या दोन्ही तीरांवर हिंडत मराठीत बोलत राहिले. त्यांनी स्वतः काही लिहिले नाही. ते गेल्यावर शिष्यांपुढे जो प्रश्न उभा राहिला तो येशूच्या शिष्यांपुढेही उभा राहिला होता: गुरूचे शब्द नेमके कोणते? म्हाइंभटांनी ज्या ज्या माणसांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन आठवणी जमवल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. केशिराजांनी त्यातली वचने निवडून सूत्रपाठ रचला. पुढे आक्रमणांच्या धामधुमीत पोथ्या हरवल्या, तेव्हा ज्यांना जेवढे पाठ होते तेवढ्यावरून मजकूर पुन्हा उभारावा लागला. दोन जणांच्या स्मरणात फरक पडला तर महानुभावांनी एकाचे खरे धरून दुसऱ्याचे फेकून दिले नाही. अमक्याची ‘वासना’ अशी, म्हणजे अमक्याच्या स्मरणातला पाठ असा, असे पोथीतच नोंदवून ठेवले. आजचे संपादक तळटीपेत पाठभेद देतात. ही माणसे सहाशे वर्षांपूर्वी तेच काम ओळीतल्या ओळीत करीत होती. सूत्रे जमल्यावर त्यांच्या अर्थाचा प्रश्न आला. लक्षणबंद, विचारबंद, आचारबंद असे भाष्यग्रंथ झाले. कोणते वचन कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले हे सांगितल्याशिवाय त्याचा अर्थ सांगू नये, असा त्यांचा कटाक्ष होता. आणि चौदाव्या शतकात भीष्माचार्यांनी पंचवार्तिक लिहिले. मराठीचे पहिले व्याकरण म्हणून आपण त्याचे नाव घेतो, पण ते लिहिण्यामागची गरज फारशी आठवत नाही. सूत्रातल्या पदाचा अर्थ चुकू नये, म्हणून ते व्याकरण जन्माला आले. आपल्या भाषेचे व्याकरण धर्मवचनाच्या अर्थासाठी झाले, ही गोष्ट या सगळ्या कथेची पायाभरणी आहे.

या पंथाने आपले ग्रंथ पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले आणि ते विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. त्यामुळे बायबलच्या एकाही जुन्या भाषांतरकाराला या कामाची वार्ता नव्हती. ती असती तर त्यांचे कित्येक कष्ट वाचले असते, असे मला नेहमी वाटते.

दुसरे ठाणे अंबाजोगाईचे. निजामी अमलात मोमिनाबाद म्हणून ओळखल्या गेलेल्या या गावात मुकुंदराजांची समाधी दाखवतात. विवेकसिंधूचा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ मानला जातो. काळाबद्दल विद्वानांत वाद आहे, आणि विदर्भातले आंभोरेही मुकुंदराजांवर हक्क सांगते. तो वाद आपण येथे उकरायला नको. आपल्याला हवी आहे ती अद्वैत परंपरेतली पदशोधनाची रीत. ‘तत्’ आणि ‘त्वम्’ या दोन पदांचा सरळ अर्थ घेतला तर वाक्य जुळत नाही, म्हणून वाच्यार्थ कोणता, लक्ष्यार्थ कोणता, काय ठेवायचे, काय सोडायचे, हे एकेक करून ठरवायचे. ही रीत संस्कृत पाठशाळेतून ओवीत उतरली आणि कीर्तनाला बसलेल्या माणसाच्याही कानावर पडू लागली. पुढे १५८४ मध्ये, शके १५०६ मध्ये, गोदावरीच्या पलीकडे पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या, घुसलेले पाठ काढले आणि यात स्वतःची ओवी घालू नये अशी ताकीद देऊन ठेवली. त्यांचेच समकालीन आणि स्नेही दासोपंत अंबाजोगाईत राहून गीतेवर लिहीत होते. गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा, असे परंपरा सांगते. कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी पंचीकरणाचा विषय एका खादीच्या कापडावर लिहिला. ती पासोडी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे आणि आजही अंबाजोगाईत जपलेली आहे. पंचमहाभूतांपासून देह कसा घडला याच्या संज्ञा तिच्यावर शाईने, आकृत्यांसह मांडल्या आहेत. संज्ञांचा एवढा मोठा तक्ता पाहताना लक्षात येते, की त्या काळच्या माणसाला शब्दाची व्याख्या ही पसरून, मोजून दाखवायची वस्तू वाटत होती.

दासोपंतांनी शके १५३७ च्या माघात देह ठेवला. त्याच सुमारास, १६१६ मध्ये, गोव्यात राशोलला एक ग्रंथ छापून झाला. तोही ओवीबद्ध, तोही धर्मग्रंथाचा अर्थ सांगणारा, तोही मराठीत. मात्र तो रोमन लिपीत होता आणि त्याचा कर्ता इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट होता. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरले आणि १६१९ मध्ये तेथेच वारले. मधल्या चाळीस वर्षांत त्यांनी मराठी अशी आत्मसात केली, की सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण त्यांच्या हातून झाले. नव्या धर्मात आलेल्या लोकांची तक्रार ग्रंथाच्या आरंभीच येते: आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग वाचायला नवी का देत नाही? या तक्रारीला उत्तर म्हणून पुराण हाच प्रकार निवडला गेला, आणि प्रकार निवडला की शब्दही त्याच्याबरोबर आले. स्वर्गाला वैकुंठ म्हटले गेले. मुक्ती, तारक, स्वामी हे शब्द ओवीत सहज बसले. मंदिरे पाडली जात होती, पोथ्या जप्त होत होत्या, त्या गोव्यात वैकुंठ हा शब्द ख्रिस्ताच्या राज्यासाठी वापरायला भाषेवर आणि श्रोत्यांवर फार मोठा विश्वास लागतो. जुने भांडे घ्यायचे, घासायचे आणि त्यात नवे अन्न वाढायचे, अशी स्टीफन्सची रीत. जेथे भांडेच नव्हते तेथे त्यांनी लॅटिन-पोर्तुगीज शब्द तसेच ठेवले. बाप्तिस्म्याचा शब्द त्यांतलाच.

याच ग्रंथाचा एक देवनागरी हस्तलेख लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात होता. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२० च्या दशकात तो अभ्यासकांपुढे आणला. त्यात बऱ्याच परकी शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. हाच मूळ पाठ, असे अ‍ॅबट म्हणत. सगळ्यांना ते पटले नाही. पण एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींमध्ये एका जागी पोर्तुगीज शब्द आणि दुसऱ्या जागी संस्कृत शब्द दिसतो, तेव्हा त्या काळीही कोणीतरी बसून हा शब्द योग्य की तो, याचा विचार करत होते, हे आपल्याला उघड दिसते. आणखी एक योग सांगण्यासारखा आहे. याच अ‍ॅबटांनी महाराष्ट्रातल्या संतकवींची इंग्रजी ग्रंथमाला चालवली आणि तिच्यात अंबाजोगाईच्या दासोपंतांचे चरित्रही आणले. दासोपंत आणि स्टीफन्स हे दोन समकालीन आयुष्यात कधी भेटले नाहीत. तीनशे वर्षांनी एका अभ्यासकाच्या मेजावर ते शेजारी आले.

क्रिस्तपुराणाच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १५१६ मध्ये, युरोपात इरॅस्मसने नव्या कराराचा ग्रीक पाठ छापला होता. त्याच्या आधी लॉरेन्झो वाल्ला या इटालियन पंडिताने लॅटिन भाषांतर ग्रीकशी ताडून टिपा काढून ठेवल्या होत्या. इरॅस्मसने त्या शोधून १५०५ मध्ये छापल्या. वाद एका शब्दावर पेटला. येशूच्या उपदेशातला पहिलाच शब्द ग्रीकमध्ये मन पालटण्याबद्दलचा आहे. लॅटिनमध्ये तो प्रायश्चित्त करा असा वाचला जात होता आणि चर्चच्या प्रायश्चित्तविधीचा आधार त्यात शोधला जात होता. ग्रीक शब्द कळल्यावर तो आधार डळमळला. मार्टिन ल्यूथरने १५१८ मध्ये आपल्या गुरूला लिहिलेल्या पत्रात या शोधाचा आनंद व्यक्त केला आहे. शब्दार्थाचा अभ्यास धर्मसंस्था हलवू शकतो, हे तेव्हा युरोपला समजले. रोमने १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत जुने लॅटिन भाषांतरच प्रमाण ठरवले, आणि स्टीफन्स त्या प्रमाणाच्या छायेतच लिहीत होते. ग्रीक आणि इब्री भाषांकडून मराठीकडे येणारी वाट उघडायला आणखी दोनशे वर्षे जावी लागली.

ती वाट बंगालमधून आली. श्रीरामपूरचे विल्यम कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवत. त्यांनी १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापला. वैजनाथ पंडितांच्या मदतीने झालेला नवा करार १८११ चा. हे मराठी महाराष्ट्रातल्या वाचकाला परके वाटले, आणि या टप्प्यावर आपल्याला फार रेंगाळायचे कारण नाही. मुंबईत १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि त्यांचे अमेरिकन सहकारी उतरले. त्यांनी बाजारात, देवळांपुढे उभे राहून बोलता बोलता भाषा शिकून घेतली. त्यांचा नवा करार १८२६ मध्ये पुरा झाला आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात हॉल नाशिककडे पटकीने वारले. या अमेरिकनांपुढे मन पालटण्याचा तो ग्रीक शब्द पुन्हा आला. मराठी बायबलात तेथे पश्चात्ताप रूढ झाला. मागाहून होणारा ताप, असा त्याचा उघड अवयवार्थ. ग्रीक शब्दात पुढे वळण्याचा जो भाव आहे तो यात थोडा दबतो, असे माझे मत आहे. पण दोनशे वर्षे प्रवचनांतून वापरला गेल्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी पश्चात्ताप म्हणजे वागणे बदलणे असाच अर्थ आज आहे. वापराने शब्दाला नवा अर्थ दिला.

बाप्तिस्म्याच्या शब्दाने तर संस्था फोडल्या. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणे, म्हणून भाषांतरातही बुडवणेच लिहावे, असा बॅप्टिस्टांचा आग्रह. बंगालीत त्यांनी तसे केले. पाणी शिंपडून विधी करणाऱ्या पंथांना ते मान्य होईना, आणि ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने त्या भाषांतराला पैसे देणे नाकारले. याच कारणावरून अमेरिकेत १८३६ मध्ये बॅप्टिस्टांनी वेगळी बायबल सोसायटी काढली. मराठीत बाप्तिस्मा हा परका शब्द टिकला. तो टिकण्यामागे आळस नव्हता, अर्थाचा निवाडा वाचकावर आणि मंडळीवर सोपवण्याचा तो एक समंजस मार्ग होता.

या मंडळींचे काम सोपे झाले ते कोशामुळे. जेम्स मोल्सवर्थ आणि जॉर्ज व थॉमस हे जुळे कँडी बंधू यांनी शास्त्रीमंडळींना हाताशी धरून मराठी-इंग्रजी कोश केला. पहिली आवृत्ती १८३१ ची, सुमारे ४० हजार शब्दांची, दुसरी १८५७ ची, सुमारे ६० हजारांची. मोल्सवर्थ शब्दाला एक अर्थ देऊन थांबत नाहीत. तो शब्द कुणबी कसा वापरतो, ब्राह्मण कसा, कोकणात कसा, देशावर कसा, हे ते नोंदवतात. शब्दाचा अर्थ पुस्तकात नसून बोलणाऱ्याच्या तोंडी असतो, ही जाण त्या कोशाच्या पानापानावर आहे. पुढे बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये त्या कोशाचा संक्षेप केला. त्याआधी त्यांची मराठी पर्यायशब्दांची शब्दरत्नावलीही आली होती. ‘यमुनापर्यटन’चे कर्ते म्हणून आपण त्यांना ओळखतो. कोशकार आणि ख्रिस्ती लेखक ही त्यांची दोन कामे निरनिराळी नव्हती. प्रवचनाला उभे राहणाऱ्या देशी माणसाला नेमका शब्द हाताशी हवा, ही गरज दोन्हींच्या मुळाशी होती. बीडच्या आसपासही हे वारे पोचले होते. पश्चिमेला अहमदनगर हे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र झाले, ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये तेथेच निघाले. उत्तरेला गोदावरीपलीकडे जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. नगरला पुढे नारायण वामन टिळक आले आणि त्यांच्या अभंगांनी संतांचे शब्द ख्रिस्ताच्या पायी आणून ठेवले. स्टीफन्सची रीत तीनशे वर्षांनी पुन्हा प्रकटली.

तिच्या अगदी उलट रीत स्वीकारली ती पंडिता रमाबाईंनी. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी, आईकडून संस्कृत शिकलेली, भागवत मुखोद्गत असलेली. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही तिने धर्मगुरूंचे म्हणणे जसेच्या तसे मानले नाही. बायबलात लिहिलेले मी स्वतः वाचून ठरवीन, असा तिचा तेव्हाच्या पत्रांतला सूर आहे. तो सूर केडगावला कृतीत उतरला. दुष्काळात पोरक्या झालेल्या शेकडो मुली तेथल्या त्यांच्या मुक्तिसदन आश्रमात होत्या, आणि प्रचलित मराठी बायबलातले संस्कृतप्रचुर शब्द त्यांना कळत नव्हते. शिवाय त्या शब्दांना जुन्या पूजापाठाचा वास आहे, तो अर्थात मिसळतो, असे रमाबाईंना वाटे. म्हणून पंचेचाळिशीच्या पुढे त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या, इब्रीचे व्याकरण मराठीत लिहिले, आणि साधारण १९०४ पासून संपूर्ण बायबलाचे भाषांतर हाती घेतले. खिळे जुळवणे, छापणे, बांधणे ही सगळी कामे मुक्तिसदनातल्या स्त्रियांनी शिकून घेतली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या तेव्हा अखेरची मुद्रिते तपासून होत आली होती. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. मूळ भाषांवरून एका स्त्रीने एकटीने अख्ख्या बायबलाचे भाषांतर करावे, याला जगातही फार थोडी उदाहरणे आहेत. आणि संस्कृत ज्या व्यक्तीला सर्वांत जास्त येत होते, तिनेच संस्कृत शब्द वेचून बाहेर काढले.

रमाबाईंच्या या वर्षांत मूळ शब्दाकडे परत जाण्याचे तेच काम आणखी दोन ठिकाणी चालले होते. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांवरून जर्मनीत अडोल्फ डाइसमान दाखवत होते, की नव्या कराराचे ग्रीक ही कोणतीही देवाची खास भाषा नाही. पावत्या, अर्ज, घरची पत्रे यांत वापरले जाणारे ते रोजचे ग्रीक आहे. त्यांचे मुख्य पुस्तक १९०८ चे. आणि वि. का. राजवाडे यांनी बीडच्या पाटांगणात मिळालेली ज्ञानेश्वरीची एकनाथपूर्व प्रत १९०९ मध्ये छापली, तिच्यातल्या मराठीचे व्याकरण स्वतंत्रपणे लिहिले. ज्ञानेश्वरीतला शब्द आजच्या मराठीवरून लावू नका, त्याच्या काळच्या रूपांवरून लावा, हा त्यांचा धडा. त्या प्रतीच्या अस्सलपणावर वाद झाले; धडा वादातीत आहे. भीष्माचार्यांनी सूत्रपाठासाठी केले तेच राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीसाठी केले, आणि केडगावात रमाबाईंनी इब्री शास्त्रासाठी.

विसाव्या शतकात या अभ्यासाने एक आडवाटही धरली. शब्द तोडायचा, त्याचे मूळ काढायचे आणि त्या मुळातून सिद्धान्त उभा करायचा, ही व्यासपीठावर फार आवडती युक्ती झाली. पापासाठीच्या ग्रीक शब्दाचे मूळ नेम चुकणे असे आहे, म्हणून पाप म्हणजे नेम चुकणे, हे वाक्य मी कित्येक प्रवचनांत ऐकले आहे. होमरच्या काळी भाल्याबद्दल तो शब्द वापरत, हे खरे. पण पौलाच्या काळी तो उच्चारणाऱ्याच्या मनात भाला नव्हता. जेम्स बार या स्कॉटिश अभ्यासकाने १९६१ मध्ये या पद्धतीवर कडक टीका केली आणि जर्मनीत १९३३ पासून निघत असलेल्या प्रसिद्ध धर्मशास्त्रीय शब्दकोशालाही सोडले नाही. अर्थ वाक्यात असतो, सुट्या शब्दाच्या मुळाशी नसतो, हे त्यांचे म्हणणे. युरोपात त्याने मोठी खळबळ झाली. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या आपल्या मीमांसकांना मात्र ते नवे वाटले नसते. योगापेक्षा, म्हणजे व्युत्पत्तीपेक्षा, रूढी बलवान, हा त्यांचा जुना नियम. चिखलात बेडूकही जन्मतो, शेवाळही. पंकज म्हणजे मात्र कमळच. रथकार या शब्दाचा अर्थ रथ बनवणारा कोणीही घ्यायचा की त्या नावाची जात घ्यायची, यावर मीमांसेत अख्खे अधिकरण आहे आणि निकाल रूढीच्या बाजूने लागला आहे. मराठी धर्मोपदेशकाने बार वाचावेत, आणि हे अधिकरणही वाचावे.

आता या वाटेच्या आपल्या टोकाला येऊ. करार हा शब्द घ्या. मूळ अरबी, फारसीतून दप्तरांत रुळलेला, कुळवहिवाटीच्या आणि साखरकारखान्याच्या कागदांतला. जुना करार, नवा करार ही नावे त्यावरून पडली आणि इतकी बसली, की ती आपल्याला ग्रंथाची विशेषनामेच वाटतात. मागे ग्रीक शब्द आहे तो रोजच्या व्यवहारात मृत्युपत्रासाठी होता; इब्री शास्त्राचे ग्रीक करणाऱ्या यहुदी पंडितांनी तो देव आणि लोक यांच्यातल्या बांधिलकीसाठी वापरला. इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात लेखक या दोन्ही अर्थांवरून सरकतो: आधी करार, मग करणारा मेल्याशिवाय अमलात न येणारा दस्तऐवज. मराठीत एक शब्द दोन्ही ओझी वाहू शकत नाही, म्हणून भाषांतरकारांनी तेथे मृत्युपत्र लिहिले आहे. फक्त मराठी वाचणाऱ्याला वाटते की विषय अचानक बदलला. मूळ पाहिले की विषय एकच आहे हे समजते.

तारण हा शब्द बीडच्या शेतकऱ्याला आधी बाजार समितीत भेटतो. शेतमाल तारण योजनेत सोयाबीन किंवा तूर गोदामात ठेवायची आणि त्यावर कर्ज घ्यायचे. चर्चमध्ये तारण म्हणजे उद्धार. गहाणाचा अर्थ धरून उद्धाराचा उपदेश करायचा मोह कोणालाही होईल, आणि तो टाळला पाहिजे. बायबलातले तारण तारणे, पार नेणे याच्यापासून आले आहे. पण गंमत अशी, की शास्त्रात गहाण सोडवण्याची कल्पना खरोखरच आहे, फक्त ती दुसऱ्या शब्दाखाली. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात भाऊबंदाची हातची गेलेली जमीन जवळच्या नातलगाने पैसे भरून सोडवायची असते, आणि रूथच्या गोष्टीत बवाज तेच करतो. जमीन सावकाराकडे जाणे म्हणजे काय हे ज्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, तेथल्या वाचकाला हा अध्याय टीकेशिवाय लागतो.

सर्वांत अवघड झाला आहे तो खंडणी. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून देण्याची गोष्ट बोलतो. ग्रीक शब्द गुलामाच्या किंवा युद्धकैद्याच्या सुटकेसाठी भरलेल्या रकमेचा. भाषांतर झाले तेव्हा मराठीतही पेशवाईतला अर्थ ताजा होता. पांचाळेश्वराजवळच्या राक्षसभुवनाला १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला; त्या मोहिमेत दोन्ही बाजूंनी गावांकडून खंडण्या घेतल्या गेल्या. खंडणी भरली की गाव जाळपोळीतून सुटे. मुलूख सुटण्याची ठरलेली किंमत, असा तो शब्द होता आणि ग्रीकच्या बराच जवळ होता. आज बीडच्या वर्तमानपत्रात खंडणी येते ती फक्त गुन्ह्याच्या बातमीत: धमकी देऊन उकळलेला पैसा, आणि तो न दिल्यामुळे गेलेला जीव. मार्काचे ते वाचन आज माजलगाव किंवा केजच्या एखाद्या तरुणाने केले, तर येशू खंडणी देतो म्हणजे कोणाला देतो आणि कोण ती उकळतो, असा प्रश्न त्याला पडेल. हाच प्रश्न पूर्वीच्या ग्रीक धर्मपंडितांनाही पडला होता आणि ती रक्कम सैतानाला दिली गेली, असे उत्तर त्यांच्यापैकी काहींनी दिले होते. पण मूळ वाक्यात घेणारा कोणी नाही. भर सुटणाऱ्यांवर आहे.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईत बसून केलेले ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये आले आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये बीडच्या शेजारी उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ च्या जुलैत ते गेले. रमाबाईंनी मुलींसाठी घेतलेला सोपेपणाचा ध्यास त्यांनी आजच्या शहरी आणि ग्रामीण वाचकासाठी घेतला. प्रत्येक पिढीला हे काम नव्याने करावे लागते, कारण ग्रीक जागचे हलत नाही, मराठी हलत राहते. खंडणीपुरते माझे मत विचाराल तर जुन्या आवृत्तीत तो शब्द टीप देऊन राहू द्यावा, आणि नव्या आवृत्तीत सुटकेचे मोल असे सरळ लिहावे. टीप महानुभावांच्या वळणाने द्यावी: जुना पाठ अमुक, तो अमक्या काळचा, त्या काळी या शब्दाचा अर्थ असा.